परत एकदा विचारा

आमच्या ह्यांना कुणी काही देऊ केलं की आधी नाही म्हणायची सवय. चहा असो, खुर्ची असो, गाडीतून घरापर्यंत सोडणं असो. समोरच्याने दोनतीनदा आग्रह करायचा, मग हे "बरं, एवढं म्हणताय तर" करत घेणार. सांगलीत लोक याला चांगलं वळण म्हणायचे. इथे नॉटिंगहॅमला या वळणापायी माझ्या मुलीचं मेडिकल हातचं जायची वेळ आली.

मी इथे सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, हे शाळेत गणित शिकवतात. माझ्या नोकरीवर आलो तेव्हा पोरगी नववीत होती. इथल्या शाळेत शिकली, शनिवारी केअर होममध्ये म्हाताऱ्यांना भरवायला जायची, आणि दोन मेडिकल स्कूलनी तिला घ्यायची तयारी दाखवली. झालं की मग! कसलं झालं? आम्हाला अजून इथे कायम राहायचा परवाना नाही, म्हणून फीच्या हिशेबात पोरगी परदेशी. मेडिकलची पोरं माझ्याच वॉर्डात येऊन "सिस्टर, हे कुठे ठेवू, ते कुठे असतं" विचारणार, आणि माझी मुलगी परदेशी. परदेशी म्हणजे फी कितीतरी पट आणि शिक्षणासाठी कर्ज शून्य. परवान्यासाठी थांबावं, तर त्याची वर्षं वाढणार अशी बातमी दर आठवड्याला. थांबून थांबून थांबायचं तरी किती?

दोघांनीही स्कॉलरशिप देऊ केली होती. घराजवळच्यांनी पाव फी माफ केली, उत्तरेत समुद्राकाठी असलेल्यांनी एक तृतीयांश. पण समुद्राकाठी खोलीचं भाडं, जेवणखाण आलं. त्यात तो तृतीयांश कुठल्या कुठे गडप होणार. जवळच्यांनी निम्मी माफ केली तर पोरगी घरून बसने जाईल आणि आमचं ओढूनताणून जमेल. नाहीतर दोन्हीकडे नाही. एवढं सरळ गणित, तेही गणिताच्या मास्तरच्या घरात.

"अहो, त्या जवळच्यांना सांगा ना," मी म्हटलं, "पलीकडचे जास्त देतायत, तुम्ही किती वाढवता?"

"अगं, विद्यापीठ आहे ते. भाजी मंडई नाही."

"आणि लंडनला इल्फर्डमध्ये माझ्या मावसबहिणीकडे गेलो की आंब्याच्या पेटीवर अर्धा तास घासाघीस करता ते?"

"तो दुकानदार आहे."

यावर काय बोलणार! कप्पाळ!

मेअखेरची हाफ टर्मची सुट्टी होती. पोरगी अभ्यासाला लायब्ररीत, मी पोळ्या लाटत होते, हे टेबलाशी वह्या तपासत बसले होते. फोन वाजला. जवळच्या मेडिकल स्कूलच्या ऑफिसातली बाई होती. अर्जात आपल्या वतीने बोलायची परवानगी म्हणून पोरीने बाबांचं नाव दिलेलं, त्यामुळे फोन ह्यांना. हे खुर्चीवरून उठून उभे राहिले, चेहरा फुललेला. "नो, नो, प्लीज," म्हणाले, "यू हॅव ऑलरेडी डन सो मच. वी आर व्हेरी हॅपी." थँक्यूंचा पाऊस पाडून फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"फार सज्जन बाई गं. म्हणाली, दुसरीकडूनही ऑफर आहे ना तुमच्या मुलीला, तिने आमच्याकडे यावं म्हणून आम्ही आणखी काही करू शकतो का?"

माझं लाटणं हातातच राहिलं. "मग?"

"म्हटलं, नको."

"नको?"

"अगं, पहिल्याच खेपेला हो म्हणायचं? हपापल्यासारखं दिसतं ते. विचारेल की परत."

तव्यावरची पोळी करपली. करपू दे म्हटलं. "अहो, ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते लपवायचं, वर ती बाई स्वतः ताक घेऊन दारात आली तर तिला परत पाठवलंत? ही इंग्रज माणसं आहेत! एकदाच विचारतात!"

हे मला नवं नव्हतं. आल्या आल्या वॉर्डातल्या एका मैत्रिणीकडे गेलो होतो. तिने केक पुढे केला, आम्ही दोघांनी नको म्हटलं. ती "ऑलराइट" म्हणाली आणि ताटली उचलून आत गेली. मी त्या ताटलीकडे बघतच राहिले. परत येताना बसमध्ये दोघं उपाशीपोटी हसलो होतो. मी त्या दिवशीच शिकले, पुढे कुणी बिस्कीट पुढे केलं की दोन उचलते. हे मात्र हसले आणि विसरले.

परत फोन काही आला नाही. आला तो ईमेल. आमच्याशी बोलून आनंद झाला, सध्याची स्कॉलरशिप तुम्हाला पुरेशी आहे हे कळून समाधान वाटलं, अमुक तारखेपर्यंत होकार कळवावा. समाधान वाटलं म्हणे! ह्यांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

मग मीच फोन लावला. तिथल्या पोराने नाव विचारलं, यादीत पाहिलं आणि म्हणाला, तुमच्याशी या अर्जाबद्दल बोलता येणार नाही. म्हटलं, अरे बाबा, मी तिची आई आहे. "आय अ‍ॅप्रिशिएट दॅट," म्हणतो. म्हटलं, नऊ महिने पोटात मी वागवलंय तिला. "आय अ‍ॅप्रिशिएट दॅट, बट." या लोकांना किती ते अ‍ॅप्रिशिएट करता येतं! जिला बोलायचंय तिला परवानगी नाही, आणि ज्याला परवानगी आहे त्याच्या तोंडाला भिडेचं कुलूप. भीड भिकेची बहीण, असं माझी आई उगाच नव्हती म्हणत.

संध्याकाळी पोरीला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. बाबांकडे बघून एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही लिटरली नाही म्हणालात?"

हे म्हणाले, "तसं नव्हतं गं मला म्हणायचं."

"मग तूच कर फोन," मी म्हटलं. "अर्ज तुझा आहे."

"नाही करणार. मी वेगळं सांगितलं तर त्यांना वाटेल बाबा खोटं बोलले." मग खांदे उडवून म्हणाली, "इट्स फाइन, आई. मला नकोच आहे मेडिकल. केअर होमवाले फुल टाइम घेतायत मला. रिअली, नको." आणि पायऱ्या चढून वर गेली. दार आपटलं असतं तरी बरं वाटलं असतं. हळूच लावून घेतलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. चांगलं खडसवायला तोंड उघडलंच होतं. पण हे जिन्याकडे बघत होते, कुणी कानाखाली दिल्यासारखे. "माझं 'नको' आहे गं ते," म्हणाले. "जसंच्या तसं माझं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी पोरीला खाली बोलावलं, समोर बसवलं आणि स्वतः फोन लावला. त्या बाईचं नाव सांगून तीच मागितली. ती आल्यावर वर्गात फळ्यासमोर उभं राहून बोलतात तशा इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, मागच्या वेळी तुम्ही आम्हाला विचारलंत, आणखी काही करू का, आणि मी नाही म्हणालो. आमच्याकडे पहिल्यांदा नाही म्हणतात. ती रीत आहे. ते उत्तर नव्हतं. तुम्ही मला परत एकदा विचाराल का, प्लीज?"

फोन स्पीकरवर होता. पोरीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

मग ती बाई म्हणाली, "ऑफ कोर्स." आणि अगदी सावकाश, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं तिने विचारलं, तुमच्या मुलीने आमच्याकडे यावं म्हणून आम्ही आणखी काही करू शकतो का?

"येस," हे म्हणाले. मग सगळं सांगितलं. पलीकडच्यांचा तृतीयांश, आमचे दोन पगार, घरून बसने जाणं, निम्मी फी. मधे एकदाही सॉरी म्हणाले नाहीत. कपाळावरचा घाम पुसायला मी टॉवेल दिला तर तो हातातच धरून बोलत राहिले.

बाईने शब्द दिला नाही. समितीपुढे ठेवते म्हणाली, पलीकडच्यांचं ऑफरपत्र मागून घेतलं. आठवड्यानंतर उत्तर आलं. निम्मी माफ नाही केली, पण पाचातले दोन हिस्से केली आणि उरलेली दरमहा हप्त्याने भरायची मुभा दिली. उरलेल्यापायी मी जादा पाळ्या करते, हे संध्याकाळी शिकवण्या घेतात, आणि पोरगी रोज सकाळी अर्धवट ओल्या केसांनी बस पकडायला धावते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी फोन ठेवला तेव्हा आमच्या हातात काहीच नव्हतं. पोरगी उठून बाबांना मागून मिठी मारून उभी राहिली. हे टेबलावरच्या फोनकडे बघत होते. कान लालबुंद झाले होते.

"फार लाज वाटली गं," म्हणाले.

मी विचारलं, चहा टाकू का?

"नको," म्हणाले.

मी आधण ठेवलं.