वाटी गरम होईपर्यंत

मास्तरांचं शिवणकाम सुटून बरीच वर्षं झाली, पण इमारतीत ते अजून मास्तरच. बायको गेल्यापासून घरात एकटे. मुलगी परदेशात. तिची ऑफिसातली जेवणाची सुट्टी आणि यांचं संध्याकाळचं जेवण एकाच वेळी येतं, म्हणून दोघं रोज व्हिडिओ कॉलवर एकत्र जेवतात.

गेले काही आठवडे कॉल मध्येच अडकत होता. चेहरा थिजायचा, आवाज तुटायचा, थोड्या वेळानं सगळं ठीक.

"बाबा, अर्धा वेळ हॅलो-हॅलोतच जातो," मुलगी म्हणाली. "नीट होत नसेल तर रोजचं राहू दे. रविवारी निवांत बोलू."

मास्तरांनी नेटवाल्याला बोलावलं. त्यानं दुपारी येऊन वायर बदलली, राउटर बंद करून चालू केला. काही दोष सापडला नाही. संध्याकाळी पुन्हा तेच.

"आता जेवायच्या वेळेला ये," मास्तरांनी फोनवर बजावलं.

"जेवायला बोलावताय की कामाला, काका?"

"काम झालं तर जेवायलाही घालीन."

राउटर स्वयंपाकघरातल्या फळीवर होता. त्याच्या शेजारी मुलीनं नुकताच पाठवलेला मायक्रोवेव्ह. एका वेळी एकच कापड कात्रीखाली घ्यायचं, ही मास्तरांची जुनी सवय. जेवणही तसंच: एक वाटी गरम करायची, संपवायची, मग उठून दुसरी. संध्याकाळी नेटवाला आला तेव्हा त्यांनी पहिली वाटी आत ठेवली. ओव्हन घुमू लागला आणि नेटवाल्याच्या मोबाइलवरचा व्हिडिओ थांबला. ओव्हन थांबला, व्हिडिओ चालू.

"काका, चोर घरातलाच आहे. दोघांच्या लहरी एकाच जातीच्या. हा ओरडायला लागला की राउटरचं कोण ऐकणार? राउटर हलवावा तर वायर बाहेरच्या खोलीपर्यंत पुरत नाही. सगळं आधी गरम करून घ्या, मग फोन लावा."

जेवायला तो थांबला नाही. पुढची तक्रार वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळ्या वाट्या आधीच गरम करून ताट मांडलं. ओव्हनची भानगड त्यांनी सांगितली तेव्हा मुलगी हसली. चित्र लख्ख होतं.

"औषध घेतलंत?"

"घेतलं. तुझं काम?"

"चाललंय."

मग दोघं जेवत राहिली. तिच्या चमच्याचा आवाज इथपर्यंत येत होता. तिनं हळूच घड्याळ पाहिलं, तेही स्पष्ट दिसलं.

शेवटच्या वाटीतून अजून वाफ निघत होती.

"ही गार झालीय," मास्तर म्हणाले. "गरम करून आणतो."

"तुटेल ना मग, बाबा?"

"येईल परत."

"बरं. मी आहे."

फोन हातात घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. ओव्हन घुमू लागला. तिचा चेहरा थिजला.

"हॅलो," मास्तर म्हणाले, "ऐकू येतंय का?"