तीन फूट उंच ओटा

सुतारकाका तोंडाचे फटकळ, पण हातात कसब होतं. शेजाऱ्याच्या बागेतला लाकडी ओटा त्यांनीच बांधला. पाहुणे त्यावर चहाला बसू लागले, तशी कुंपणाअलीकडे काकूंनी आपल्या परसातली खुर्ची आत नेली. औषधांनी केस गेल्यापासून त्या फक्त तिथंच उघड्या डोक्यानं उन्हात बसत.

काका तणतणत शेजारी गेले. "तुमचा ओटा आमच्या घरात डोकावतोय!"

"काका, मी एक फूटच म्हणालो होतो. 'तीन करू, वारा लागेल,' हे तुम्हीच म्हणालात."

फळी न् फळी पारखताना काकांनी एकदाही मान वर करून कुंपणापलीकडे आपल्या परसात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच पाय कापून ओटा खाली आणला. "ये बाहेर, आता कुणाला दिसत नाही."

"दिसायचं ते दिसून गेलं हो," काकू आतूनच म्हणाल्या.