जास्तीचे हात

लग्न होऊन मी नागावजवळच्या कोळीवाड्यात आले, ती नोकरी लॅपटॉपात घालूनच. डेटाबेस सर्व्हर सांभाळायचं माझं काम. माझं हे घरून काम करणं नवी मुंबईच्या साहेबांना पहिल्यापासून खुपत होतं. औषधांच्या ऑर्डरींचा रोजचा रिपोर्ट रखडायला लागला आणि त्यांना आयतं निमित्त मिळालं. "उद्या अकराच्या आत आला नाही, तर सोमवारपासून इथे येऊन बस." म्हणजे तिथे भाड्याची खोली आणि नवरा फक्त रविवारी!

रिपोर्टात लाखो ओळी तारखेप्रमाणे लावायच्या असतात. सर्व्हर ते काम वाटून देतो. अनेक प्रक्रिया एकाच वेळी आपापला हिस्सा लावतात, मग सगळं एकत्र होतं. सकाळी उठून मी शहाणीने त्या प्रक्रिया दुप्पट केल्या. काम आणखीच रेंगाळलं.

वैतागून अंगणात आले. होडी आली होती. जवळ्याच्या बारीक कोळंबीत मिसळलेली मांदेली निवडायला सासूबाईंनी अख्खी आळी जमवली होती. टोपल्या मात्र घरात होत्या तेवढ्याच, त्यामुळे बऱ्याच जणींच्या हाती वाट्या. वाटी लगेच भरायची, की बाई उठून पडवीत ओतून यायची. निवडण्यापेक्षा येरझाऱ्याच जास्त.

मी हसत आत पळाले. सर्व्हरवरही हेच चाललं होतं! सॉर्टिंगची ठरलेली मेमरी सगळ्यांत वाटली जाऊन प्रत्येकाला वाटीभर मिळत होती. भरली की डिस्कवर ओता, मग पुन्हा उचला. मी प्रक्रिया कमी केल्या, मेमरी वाढवली. रिपोर्ट वेळेआधी गेला आणि साहेबांचा फोन आला, "बस तिथेच, खा मासे!"

आता माझ्या अंगात भलताच उत्साह संचारला. अंगणात येऊन म्हटलं, "आई, एवढ्या जणी कशाला? चौघी ठेवा, बाकीच्यांना घरी पाठवा. लवकर उरकेल."

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लवकर उरकून काय करायचाय? ह्या काय म्हावरा निवडाया आल्यात व्हय? तुझी नोकरी हितं ऱ्हायली का न्हाय, त्ये ऐकाया आल्यात."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"ऱ्हायली," मी म्हणाले.

"मंग सरका गं," सासूबाई बायकांवर खेकसल्या, "हिला बसाया जागा द्या."