अकरा गाड्यांवर एकच परवानगी

"कान पकड़ के बोल, गलती मेरी है."

साहेब, म्हणजे माझे मालक, हे हिंदीत म्हणाले. एरवी माझ्याशी मराठीत बोलतात. पण लखनऊत अलीगंजच्या बाजारात निगमच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, पथकाने आमची गाडी अडवली होती, आणि साहेबांना ते पथकाला ऐकवायचं होतं.

मी कान पकडले. तीस वर्षांचा माणूस. भर रस्त्यात.

आमचं काम गाड्यांना जाहिरात गुंडाळायचं. व्हॅन असो, ई-रिक्षा असो, चारही बाजूंनी छापलेलं विनाइल, म्हणजे चिकट प्लास्टिकची शीट, चढवायची. अशा प्रत्येक गाडीला पैसे भरून वेगळी परवानगी लागते. परवानगीचा नंबर मागच्या दारावर छापायचा, म्हणजे तपासणाऱ्याला यादीत बघता येतं. त्या दिवशी व्हॅनवर एका कोचिंग क्लासच्या मास्तरांचा चेहरा होता, दारभर मोठा.

"ये नंबर तो दूसरी गाड़ी का है," पथकातले अधिकारी म्हणाले. रागाने नाही, नुसती यादी बघून.

"अनपढ़ है सर," साहेब म्हणाले. "पुराना स्टिकर उठा के चिपका दिया. आठवीं फेल को क्या समझ."

"तो उतरवाइए."

"अभी उतारेगा."

थंडीचे दिवस. थंडीत विनाइल कडक होतं, पापुद्र्यासारखं तुटतं. ते सोडवायचं तर गरम हवेची गन लागते. गन गाडीतच होती. मी हात घातला.

"रहने दे. नाखून से उतार."

नखांनी उतरवलं. दोन नखं उलटली. चहावाल्याकडची माणसं मातीचे कुल्हड हातात धरून बघत होती. एक जण म्हणाला, "भैया, मास्टर साहब की नाक रह गई." सगळे हसले. साहेबही हसले. मी नाक उतरवलं.

खरं काय ते आता सांगतो.

तो नंबर मला साहेबांनीच दिला होता, त्यांच्या केबिनमध्ये, चिठ्ठीवर लिहून. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे कळतात. तिसऱ्या गाडीच्या वेळी मी विचारलं, "साहेब, सगळ्यांना एकच नंबर?"

"तू चिकटव. वकिली नको."

मी चिकटवला. अकरा गाड्यांवर. चूक आहे हे मला कळत होतं, तरी चिकटवला. ही माझी चूक. ती मी कुणावर ढकलत नाही.

का चिकटवला? मिंधा होतो म्हणून. गावाकडे इंग्रजीच्या तासाला रोज बाकावर उभं राहून कंटाळलो आणि आठवीत शाळा सोडली. ताईचं लग्न फौजेतल्या माणसाशी झालेलं. दाजी इथे छावणीत हवालदार. त्यांच्या मागे मी लखनऊला आलो. छावणीतल्या गणपतीला दाजींची साहेबांशी ओळख झाली. साहेब रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर, आपल्याकडचे. त्यांनी मला काम दिलं. सरोजिनी नगरला वर्कशॉपच्या मागची खोली दिली. मला कावीळ झाली तेव्हा स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. यातलं काही खोटं नाही. आजही मला त्याची जाण आहे. पण तेव्हापासून मी त्यांच्यासमोर मान वर करून बोललो नाही, आणि त्यांनी त्याची सवय लावून घेतली.

दुपारी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. आता मराठी. आवाज मऊ. पुढे हिंदीत टाइप केलेला कागद.

"सही कर. फॉर्मॅलिटी आहे. निगमला द्यायचाय."

मी कागद उचलला. मला वाचायला वेळ लागतो. शब्दाखाली बोट धरून वाचतो.

"वाचतोस काय? माझ्यावर विश्वास नाही?"

मी वाचत राहिलो. लिहिलं होतं की अकरा गाड्यांवर चुकीचा नंबर मी स्वतःच्या मनाने लावला, मालकांना याची काहीही कल्पना नव्हती.

अकरा.

पथकाने एकच गाडी पकडली होती. उरलेल्या दहा अजून शहरात फिरत होत्या. त्यांच्यावरची जाहिरात उतरवायला साहेबांनी सांगितलं नव्हतं. त्या पकडल्या जातील त्या दिवसासाठी माझी सही आजच घेऊन ठेवायची होती. बाजारात मला नखांनी उतरवायला लावलं ते रागाने नव्हतं. दोष घ्यायला माणूस तयार करून ठेवत होते.

"साहेब, यात अकरा लिहिलंय."

"मग?"

"बाकीच्या दहा उतरवायच्या नाहीत?"

"ते मी बघीन. तू सही कर. कावीळ झाली तेव्हा कोण होतं रे?"

"तुम्ही होतात. ते मी कुणालाही सांगेन. हे लिहून देणार नाही."

त्यांनी दाजींना फोन लावला. स्पीकरवर. दाजी म्हणाले, "साहेब म्हणतायत तसं कर ना यार. छावणीत मला तोंड दाखवायचंय." मागून भाच्याचा आवाज आला, "मम्मी, मामा ने क्या किया?" मग ताईने फोन घेतला.

"तू लावलास का तो नंबर?"

"मी लावला. दिला साहेबांनी."

ताई म्हणाली, "मला काही कळत नाही रे. तुझं तू बघ."

मी कागद टेबलावर ठेवला. सही न करता. संध्याकाळच्या आत खोली रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी निगमच्या कचेरीत गेलो. हाताने लिहिलेला अर्ज दिला. अकराही गाड्यांच्या पाटीवरचे नंबर लिहिले. मी गुंडाळलेली गाडी मी विसरत नाही. खाली लिहिलं, परवानगीचा नंबर मी लावला, लावायला कोणी सांगितलं, आणि साहेबांचं पूर्ण नाव.

बाबूने वाचलं. "तुम भी फँसोगे. पता है?"

"पता है. मोहर लगा दीजिए."

शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. पुढे काय होईल माहीत नाही. काम नाही. दाजी बोलत नाहीत. भीती वाटते, रोज सकाळी वाटते. पण ज्याने मला जगवलं त्याला मला विकायचा हक्क मिळत नाही. माझ्या चुकीची शिक्षा मी भोगेन, साहेबांच्या चुकीची नाही. यापुढे ज्या गाडीचा परवाना डोळ्यांनी बघितला नाही, त्या गाडीला माझा हात लागणार नाही. आणि कुठलाही कागद पुढे आला की मी तो वाचणार, बोट धरून, शेवटच्या ओळीपर्यंत. घाई असेल त्याने दुसरा माणूस शोधावा.