टाकीच्या झाकणातली पन्नी

आमची जुनी मोटार मिसिंग मारून राहिली, असं मिस्त्रीकाका पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी गाडीचं काय हरवलंय ते बघायला सीटखाली वाकले. इंग्रजी शाळेत शिकल्याचा एवढाच उपयोग. इंजिन मधेच ठोका चुकवतं त्याला मिसिंग म्हणतात, हे बाबांनी हसू दाबत समजावलं.

गोंदियाहून निघालं की अर्ध्या तासाने गाडी आचके देत बंद पडायची. काकांनी फिल्टर बदलला, कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला, पेट्रोल ओढणारा पंपही नवा बसवला. तरी तेच. शेवटी बाबांनी जाहीर केलं, महिनाभरात सुधारली नाही तर भंगारात. कामठ्याच्या रस्त्यावर मी नुकतीच गाडी शिकत होते, आणि लोकांत वावरण्यापेक्षा मला गिअर टाकणं सोपं जात होतं.

मग मी गाडीवर लक्ष ठेवायला लागले. ती बंद पडली की बाबा झाकण उघडून टाकीत काडी बुडवत, पेट्रोल आहे ना बघायला. झाकण उघडताना फुस्स आवाज यायचा आणि थोड्या वेळाने गाडी सुरू व्हायची. बाबा म्हणत, थंड झाली. पण ज्या दिवशी त्यांनी काडी बुडवली नाही, त्या दिवशी ती बराच वेळ थंड होऊनही हलली नाही.

ज्यूसचं खोकं स्ट्रॉने ओढत राहिलं की चेपतं आणि ज्यूस येईनासा होतो, तसंच हे असणार. टाकीत हवाच जात नव्हती. पेट्रोलच्या वासाने आईला मळमळायचं, म्हणून तिने झाकणाच्या आत दुहेरी पन्नी कापून घट्ट बसवली होती. प्लास्टिकच्या पिशवीची. त्याने झाकणातलं हवेचं भोकच बुजलं होतं. बाबांनी तेव्हा कौतुकही केलं होतं. आता आईचं नाव कसं घ्यायचं? पंधरा दिवस मी गप्प राहिले.

मग एकदा आई, बाबा आणि मी तिरोड्याला निघालो आणि गाडी वाटेत थांबली. बाबांनी फोन केल्यावर काका मोटरसायकलवर आले, बोनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले. बाबा त्यांना भंगारात किती येतील ते विचारू लागले.

"काका, मागचं झाकण उघडून बघा ना," मी म्हटलं.

"काऊन? पेट्रोल नाही का?"

"आहे. हवा जाऊन नाही राहिली."

त्यांनी झाकण फिरवलं. फुस्स. मग आतली पन्नी उपसून दोन बोटांत वर धरली. "हे कोनं लावलं जी?"

मी रस्त्याकडे पाहत राहिले.

"मी," आई म्हणाली. "वास येते ना."

काका बाबांकडे वळले. "सर, मी पुढंच शोधून राहिलो, अन् मॅडमनं मागं पॅक करून ठेवली बिमारी."

बाबा इतके हसले की त्यांना बोनेटला टेकावं लागलं. भंगाराचं कोणी बोललं नाही. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

आई मागे पदर नाकाला लावून बसली. "जोरात चालव," ती म्हणाली, "वास मागं राहील."