रक्ताची साक्ष

वळ गावच्या गोदामात आग लागली तेव्हा माझा धाकटा भाऊ आत होता. तो भिवंडीच्या रुग्णालयात कृत्रिम श्वासावर असताना गोदामाच्या मालकाने कळवले की हा जुनाच न्यूमोनिया आहे. मी दावा लावणार होतो; मला पुरावा हवा होता.

फुप्फुसांच्या तीव्र इजेवर संशोधन करणाऱ्या एक बाई तिथे रोज येत. आमच्या संमतीने घेतलेली रक्ताची नळी त्या काठोकाठ भरलेल्या वाटीसारखी जपून नेत. ‘सिद्ध झालं’ असे त्या कधीच म्हणत नसत. ‘असं दिसतं’ म्हणत. फुप्फुस दुखावले की मायक्रोआरएनए नावाचे सूक्ष्म रेणू रक्तात कमीअधिक होतात, एवढेच त्या सांगत.

"मग हे धुरानेच झाले, असे लिहून द्या," मी खडसावले.

"काका, कशाने झालं, ते हे रेणू सांगत नाहीत."

एके दिवशी कुणीतरी नळी आदळत नेली. यंत्रात फिरवल्यावर बाईंनी ती उजेडात धरली, तेव्हा एरवी पिवळसर असणारा वरचा द्रव गुलाबी दिसला. तांबड्या पेशी फुटून त्यांचे रेणू त्यात मिसळले होते. त्यांनी नमुना बाद केला.

विचारपूस करायला आलेला गोदामाचा मॅनेजर लगेच सरसावला. "मॅडम, नमुनाच बाद ना? मग धुराचा काय संबंध न्हाय, एवढं लिहून द्या."

"बाद नमुना तुमच्या बाजूने बोलत नाही," त्या म्हणाल्या आणि त्याच स्वरात माझ्याकडे वळल्या. "तुमच्याही नाही, काका."

दाव्यात साक्षीदार म्हणून मी पहिले नाव त्यांचेच दिले.