तळहातावरचं एक नाव

सुमनताई सिस्टर पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे का, ही शंका मनातून जात नाही, तरी लिहितो.

बावीस वर्षांपूर्वी बी.एस्सी. होऊन मी सोमेश्वरनगरजवळच्या उपकेंद्रात आरोग्यसेवक म्हणून रुजू झालो. तिथल्या सिस्टर असलेल्या ताईंनी माझी घरभेटींची वही चाळली आणि म्हणाल्या, "अक्षर झ्याक हाय, साहेब. पण बरं कोण झालं, ते कुठं लिव्हलंय?" किती घरं फिरलो, याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. सर्वांत निकडीच्या माणसाचं नाव त्या रोज सकाळी पेनाने तळहातावर लिहीत. हात धुऊन ते पुसट झालं की पुन्हा गिरवीत, काम होईपर्यंत.

त्या वर्षी उसाच्या हंगामात एकदा त्यांना बारामतीला बैठकीला जावं लागलं. निघताना त्यांनी मला बजावलं, "ऊसतोडीच्या तळावर शेवटच्या खोपीत राधा हाय. सातवा महिना, पाय सुजल्यात. आधी तिला दवाखान्यात ने. बाकीचं राहिलं तरी चालंल."

मी पहिल्या खोपीपासून सुरुवात केली. नोंदी ओळीने याव्यात, एवढंच डोक्यात. शेवटी पोचलो तर खोप मोडलेली. राधाची टोळी दुपारीच ट्रॅक्टरने शेळगावकडे गेली होती.

संध्याकाळी ताईंनी विचारलं, "रजिस्टर?"

"पूर्ण आहे."

"आन् राधा?"

"मी पोचलो तेव्हा खोप मोडली होती. टोळी शेळगावकडे गेली."

दुसऱ्या दिवशी ताईंनीच तिला शेळगावच्या फडात शोधून काढलं, दवाखान्यात नेलं. राधा वाचली. बाळ वाचलं नाही. ती घरी जाईपर्यंत ताई रोज तिच्या उशाशी बसत; तळहातावर तिचंच नाव. मी माफी मागितली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मी तरी बैठकीला कशाला गेले?" माझी चूक त्यांनी कधीच कुणाला सांगितली नाही. म्हणून ती इथे मीच सांगतो आहे.

गेल्या महिन्यात सुप्याला त्यांच्या घरी गेलो. राधाविषयी बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. ताईंनी माझा हात ओढून वाचला.

"ही मंगल कोण? झालं का तिचं?"

"परत जाताना जाणार आहे."

"मग हितं काय बसलायस? चहा नंतर. ऊठ."

उठलो.

ताईंचे गुडघे धड राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, त्यांना पुष्कळ आयुष्य मिळो. या मागण्यात माझा स्वार्थ आहे. माझा हात तपासणारं दुसरं कुणी नाही.